मॉलमध्ये की पाण्याच्या काठावर? पहिला स्टॉल लावण्याआधी हा हिशोब करा



कालच्या व्हिडिओत आपण जागेच्या भाड्याबद्दल बोललो. वेळ कमी होता म्हणून एक मोठा विषय तिथं अर्धवट राहिला, तो आज इथं पूर्ण करतोय. वही-पेन घेऊन बसा. आज आकडे आहेत.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दहापैकी सहा-सात जणांच्या डोक्यात दोनच चित्रं असतात. एक म्हणजे मॉलमधला चकचकीत किऑस्क, एसी, एस्केलेटर, खाली-वर करणारी गर्दी. दुसरं म्हणजे चौपाटी, तलावपाळी किंवा नदीकाठ, संध्याकाळची हवा आणि फिरायला आलेली माणसं. दोन्हीकडे गर्दी दिसते. आणि गर्दी दिसली की आपल्याला वाटतं, धंदा होणारच!

मलाही तसंच वाटलं होतं.

आधी माझीच चूक सांगतो

काही वर्षांपूर्वी मी पुण्यातल्या एका मॉलमध्ये सरबतांचा किऑस्क घेतला होता. कोकम, आवळा, सोलकढी. माल उत्तम होता, आजही छातीठोकपणे सांगतो. जागा मिळाली दुसऱ्या मजल्यावर, सिनेमागृहाकडे जाणाऱ्या एस्केलेटरच्या अगदी समोर. मी शनिवारी दोन तास उभा राहून माणसं मोजली. माणसंच माणसं! आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या आणि करारावर सही केली.

आता गंमत ऐका. सिनेमाला जाणारा माणूस घाईत असतो. त्यात बाहेरचं पेय आत न्यायला मनाई. म्हणजे जाताना तो ग्लास घेणार नाही. सिनेमा सुटल्यावर त्याला पार्किंग गाठायचं असतं, मूल पेंगुळलेलं असतं. म्हणजे येतानाही घेणार नाही. दिवसभर माझ्यासमोरून हजारो माणसं गेली आणि माझा ग्लास हातात घ्यायला कुणाकडे हातही मोकळा नव्हता आणि वेळही.

अकरा महिन्यांचा लॉक-इन होता. तो मी पूर्ण भरला. पाटल्या सोडवायला पुढे अडीच वर्षं लागली. मॉलवाल्यांनी मला फसवलं नव्हतं. करारात जे लिहिलं होतं तेच त्यांनी घेतलं. मी माणसं मोजली, गिऱ्हाईक मोजलं नाही. एवढाच फरक, पण तो मला लाखांना पडला.

तुमच्या घरातल्या पाटल्यांवर ही वेळ येऊ नये, म्हणून हा धडा.

पहिला धडा: हाजी अली, मुंबई

मुंबईत हाजी अलीजवळ १९९९ मध्ये क्रॉसरोड्स नावाचा मॉल सुरू झाला. देशातल्या सुरुवातीच्या मॉलपैकी एक. लोक नुसतं बघायला यायचे, एस्केलेटरवर चढून परत उतरायचे. गर्दी एवढी झाली की काही काळ आत सोडताना मोबाईल फोन किंवा क्रेडिट कार्ड आहे का हे बघायचे, नसेल तर प्रवेशाचे पैसे घ्यायचे! विचार करा, गर्दीच नको म्हणून दार अडवायची वेळ आली. कारण बघायला येणारा वेगळा आणि विकत घेणारा वेगळा. पुढे शहरात नवे, मोठे मॉल आले. त्या मॉलचं नाव बदललं, मालक बदलले आणि गर्दी ओसरली.

त्याच परिसरात, समुद्राच्या काठावर, दर्ग्याकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी एक ज्यूस सेंटर आहे. मुंबईकराला नाव सांगायची गरजच नाही. ते आजही चालू आहे. का? कारण तिथं येणारी माणसं त्या दुकानासाठी आलेली नसली तरी येण्याचं कारण पक्कं आहे. दर्गा आहे, गुरुवार-शुक्रवारची गर्दी आहे, समुद्र आहे. उन्हातून चालून आलेल्या माणसाला तहान लागलेली आहे. माणूस, त्याची गरज आणि माल, तिन्ही एकाच जागी भेटतात.

लिहून घ्या: गर्दी कशामुळे येते आणि ते कारण उद्या टिकेल का, हा पहिला प्रश्न. नवलाई संपते. देव, समुद्र, रेल्वे स्टेशन, ऑफिस ही कारणं लवकर संपत नाहीत.

दुसरा धडा: कोची

कोचीत एडापल्लीला २०१३ मध्ये लुलु मॉल सुरू झाला. देशातल्या मोठ्या मॉलमध्ये त्याची गणती होते. तिथं मोठं हायपरमार्केट आहे. म्हणजे माणूस महिन्याचा किराणा भरायला येतो, आणि किराणा दर महिन्याला संपतो! २०१७ पासून मेट्रो आली, स्टेशन मॉलला लागूनच.

याच शहरात दुसरीकडे मरीन ड्राइव्ह आहे, बॅकवॉटरच्या काठावरची फिरायची वाट. संध्याकाळी कॉलेजची मुलं, कुटुंबं, पर्यटक. बोटीत बसायला येणारे लोक. तिथं माणूस रमतगमत चालतो, त्याच्या हातात पिशव्या नसतात, वेळ असतो, पण खिशातून काढायची तयारी दहा-वीस-पन्नास रुपयांची असते.

म्हणजे एकाच शहरात दोन प्रकारचं गिऱ्हाईक. मॉलमधला माणूस खर्च करायचा ठरवून घरातून निघालेला असतो, पण त्याचे पैसे कुठं जाणार हे बऱ्याचदा आधीच ठरलेलं असतं. काठावरचा माणूस काहीच न ठरवता आलेला असतो. त्याला छोट्या किमतीचा, हातात धरून खाता-पिता येणारा माल विकणं सोपं जातं. हजाराची पर्स विकणं अवघड.

तिसरा धडा: अहमदाबाद

साबरमतीचा रिव्हरफ्रंट २०१२ मध्ये लोकांसाठी खुला व्हायला लागला. दोन्ही काठांवर मिळून कित्येक किलोमीटरची फिरायची वाट, बागा, २०२२ मध्ये आलेला पायी चालण्याचा अटल पूल. पण आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे.

नदीच्या पात्रात एलिस पुलाखाली पूर्वी रविवारचा बाजार भरायचा, गुजरी बाजार किंवा रविवारी म्हणतात त्याला. जुनी भांडी, पुस्तकं, हत्यारं, फर्निचर. फार जुना बाजार. रिव्हरफ्रंटचं काम आलं तेव्हा या विक्रेत्यांचं काय, हा प्रश्न उभा राहिला. त्यांची संघटना होती. त्यांनी पाठपुरावा केला, कोर्टापर्यंत गेले आणि शेवटी २०१४ मध्ये त्यांना रिव्हरफ्रंटवरच ओटे बांधलेली नवी जागा मिळाली.

यातून दोन गोष्टी शिका. एक, काठ सुशोभित होतो तेव्हा नियम बदलतात. काल जिथं गाडी लागत होती तिथं उद्या लागेलच असं नाही. दोन, जे एकटे होते ते उठवले गेले की संपले, जे संघटित होते आणि ज्यांच्याकडे आपण इथले आहोत हे दाखवायला काही होतं, त्यांना बोलायला जागा मिळाली.

आपल्याकडे पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे. शहरात नगर पथविक्रेता समिती असते, सर्वेक्षण होतं, विक्री प्रमाणपत्र मिळतं. त्या समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावेत असं कायदाच म्हणतो. तर आधी महापालिकेत जा, तुमच्या पसंतीचा काठ विक्री क्षेत्र आहे की ना-विक्री क्षेत्र हे विचारा. समुद्र सगळ्यांचा असतो, पण म्हणून त्याच्या समोरचा फुटपाथ आपला होत नाही. "अमक्याला महिन्याला इतके दिले की कुणी विचारत नाही" असं सांगणारा कुणीतरी भेटेलच. त्याच्या भरवशावर भांडवल लावू नका. गाडी उचलून नेतात तेव्हा तो माणूस फोन उचलत नाही.

चौथा धडा: बोस्टन आणि बाल्टिमोर

आता जरा अमेरिकेत जाऊ. मॉलमध्ये मधोमध जे छोटे किऑस्क आणि चाकांच्या गाड्या दिसतात, त्या कुठून आल्या माहीत आहे? बोस्टनमध्ये बंदराजवळ क्विन्सी मार्केट ही १८२६ ची जुनी बाजार-इमारत. तिचं नूतनीकरण करून १९७६ मध्ये ती पुन्हा उघडायची होती आणि गाळे पुरेसे भरलेच नव्हते! रिकामा बाजार कसा उघडायचा? मग त्यांनी चाकांच्या हातगाड्या बनवल्या आणि हस्तकला करणाऱ्या, घरगुती वस्तू बनवणाऱ्या छोट्या लोकांना थोड्या मुदतीसाठी भाड्यानं दिल्या. त्या एवढ्या चालल्या की पुढे मॉलवाल्यांनी ही कल्पनाच उचलली.

म्हणजे बघा, मॉलचा किऑस्क ही मुळात रस्त्यावरच्या हातगाडीचीच नक्कल आहे! आणि ती तुमच्यासारख्या छोट्या माणसासाठी, थोड्या मुदतीसाठी होती. म्हणून मॉलमध्ये वर्षाच्या कराराऐवजी आधी पंधरा दिवसांचा, महिन्याचा सणासुदीचा स्टॉल मागायला लाजू नका. रिकामी जागा त्यांनाही नको असते.

ते क्विन्सी मार्केट ज्या विकासकानं उभं केलं, त्यानंच १९८० मध्ये बाल्टिमोरला पाण्याच्या अगदी काठावर हार्बरप्लेस उभं केलं. मॉल आणि पाणी दोन्ही एकत्र! सुरुवातीला तुफान गर्दी. छोटे स्थानिक दुकानदार, खाण्याचे स्टॉल. हळूहळू कुठंही मिळतील अशी साखळी दुकानं वाढली, मग गाळे रिकामे पडत गेले आणि २०१९ मध्ये कोर्टानं तिथं रिसीव्हर नेमला. पाणी तिथंच होतं. देखावा तोच होता. पण शहरातल्या माणसाला पुन्हा पुन्हा यायला कारण उरलं नाही.

उलट दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनचा व्ही अँड ए वॉटरफ्रंट बघा. तिथं १९९२ मध्ये बंदराच्या काठी मॉल आला, पण बंदर बंद केलं नाही. आजही तिथं बोटी येतात-जातात, रॉबेन बेटाची फेरी तिथूनच सुटते, आणि वॉटरशेड नावाच्या जुन्या गोदीच्या शेडमध्ये स्थानिक कारागिरांचे स्टॉल आहेत. पर्यटक येतो, पण काम करणारा, राहणारा स्थानिक माणूसही येतो.

लिहून घ्या: फक्त पाहुण्यावर धंदा चालत नाही. परत येणारा माणूस किती, हे बघा.

आता हिशोब

हे आकडे फक्त उदाहरणासाठी धरलेत. तुमच्या शहरातले खरे आकडे तुम्ही घालायचे. माल तोच, सरबत.

मॉलमधला किऑस्क, महिन्याचा खर्च:

- भाडे ४५,००० + देखभाल खर्च ८,००० = ५३,०००
- त्यावर १८ टक्के जीएसटी = ९,५४०
- वीज ६,०००
- दोन माणसांचा पगार ३०,०००
- किरकोळ आणि नासाडी ३,४६०
- एकूण १,०२,०००
- तुमचा स्वतःचा पगार २५,००० (हा धरायचाच! "मी तर घरचाच आहे" म्हणून सोडू नका)
- सगळं मिळून १,२७,०००

ग्लासची किंमत ६० रुपये, मालाचा खर्च २२. हातात राहतात ३८. आता १,२७,००० भागिले ३८, म्हणजे महिन्याला सुमारे ३,३४० ग्लास. मॉल रोज चालू, म्हणून दिवसाला ११२ ग्लास. अकरा तासांत म्हणजे तासाला दहा.

काठावरचा परवानगी असलेला स्टॉल, महिन्याचा खर्च:

- जागेचे शुल्क १२,०००
- गाडीचा हप्ता ४,०००
- बर्फ-पाणी ५,०००
- एक माणूस १४,०००
- किरकोळ ३,०००
- एकूण ३८,०००, तुमचा पगार २५,००० धरून ६३,०००

इथं ग्लास ४० ला जाईल, मालाचा खर्च २०, हातात २०. म्हणजे महिन्याला ३,१५० ग्लास.

बघितलंत? खर्च निम्मा, पण विकायचे ग्लास जवळजवळ तेवढेच! कारण काठावर किंमत कमी मिळते.

आणि अजून एक. काठावर वर्षाचे बाराही महिने सारखे नसतात. समजा कोरड्या आठ महिन्यांत महिन्याला २६ दिवस चांगले मिळाले आणि पावसाच्या चार महिन्यांत महिन्याला फक्त १२. वर्षाचे झाले २५६ दिवस. वर्षाचे ग्लास ३७,८००. म्हणजे दिवसाला १४८ ग्लास, तेही संध्याकाळी पाच ते दहा या पाच तासांत. तासाला तीस. दर दोन मिनिटांना एक ग्लास! एवढं पटापट तुम्हाला भरता येतं का? सुटे पैसे, यूपीआय, बर्फ, ग्लास, सगळं हाताशी आहे का?

म्हणून "काठावर स्वस्त पडतं" हे वाक्य अर्धंच खरं आहे.

मग मी नवशिक्याला तरीही आधी काठावर किंवा बाजारात सुरुवात कर असं का सांगतो? कारण तिसरा आकडा: बुडालं तर किती बुडेल?

मॉलमध्ये तीन महिन्यांचं डिपॉझिट १,३५,००० आणि किऑस्क बनवायला अडीच लाख धरा. झाले ३,८५,०००. वर लॉक-इनचं भाडं. किऑस्क मोडीत विकला तर लाकडाचे पैसे येतात. काठावर गाडी ८०,००० आणि भांडीकुंडी २०,०००. गाडीला चाकं आहेत! ही जागा नाही चालली तर दुसरीकडे नेता येते. पावसात सरबत जात नसेल तर त्याच गाडीवर आल्याचा चहा आणि भाजलेलं कणीस चालतं. मरीन ड्राइव्हवर भर पावसात कणीसवाल्याभोवती किती माणसं असतात, ते कधीतरी उभं राहून बघा.

मॉलच्या करारात तुम्ही ऋतू बदलला तरी माल बदलू शकता का? बऱ्याचदा नाही. करारात जो माल लिहिला तोच विकायचा.

मॉलच्या करारात हे सात मुद्दे वाचल्याशिवाय सही नाही

१. भाडं नुसतं ठरावीक आहे, की "ठरावीक भाडं किंवा विक्रीचा टक्का, जे जास्त असेल ते"?
२. देखभाल खर्च वेगळा किती आणि तो दरवर्षी किती वाढणार?
३. भाडं कोणत्या क्षेत्रफळावर, प्रत्यक्ष वापरायच्या की वाढीव?
४. लॉक-इन किती महिन्यांचं? मध्येच सोडलं तर काय?
५. तुमची जागा बदलण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवलाय का?
६. तुमच्याच मालाचा दुसरा स्टॉल शेजारी येऊ शकतो का?
७. डिपॉझिट किती दिवसांत परत?

इंग्रजी करार कळत नसेल तर ओळखीच्या वकिलाला किंवा सीएला दाखवा. त्यांच्या फीचे पैसे वाचवायला जाऊ नका. मी वाचवले होते.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या गावातला एक मॉल किंवा मोठं मार्केट निवडा आणि एक पाण्याचा काठ निवडा. ठाण्यात तलावपाळी, कोल्हापुरात रंकाळा, नागपुरात फुटाळा, तुमच्या जवळ जे असेल ते. दोन्हीकडे तीन वेळा जा: एक कामाचा दिवस दुपारी, एक कामाचा दिवस संध्याकाळी आणि रविवारी. प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं घड्याळ लावून तीन आकडे लिहा:

- समोरून किती माणसं गेली
- त्यातल्या किती जणांच्या हातात काहीतरी विकत घेतलेलं होतं
- तुमच्यासारखा माल विकणाऱ्याकडे किती जण प्रत्यक्ष थांबून पैसे देऊन गेले

पहिला आकडा मोठा बघून हुरळून जाऊ नका. तिसरा आकडा चारनं गुणा म्हणजे तासाचा अंदाज येईल. तो तुमच्या वरच्या हिशोबातल्या तासाच्या आकड्याशी ताडून बघा. जुळत असेल तर पुढे चला. जुळत नसेल तर जागा बदला, माल बदला, नाहीतर थांबा. थांबणं हा तोटा नाही. बँकेत ठेवलेले पैसे उद्याही कामाला येतात.

आणि घरच्यांना विचारल्याशिवाय दागिने बाहेर काढू नका. माझ्या आईनं पाटल्या देताना एक शब्द विचारला नव्हता, म्हणून मला हिशोब दाखवावाच लागला नाही. तिनं विचारलं असतं तर कदाचित मीच तो आधी नीट केला असता. तेव्हा तुम्ही हा कागद आधी घरात सगळ्यांसमोर वाचून दाखवा. त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देता आली, तर तुमची तयारी झाली समजा.

पुढच्या धड्यात याच तीन आकड्यांवरून मालाची किंमत कशी ठरवायची ते बघू. वही जपून ठेवा, पुढच्या वेळी लागणार आहे. चला, कामाला लागा!